एक पेर मलम

नर्सनं माप शिकवलं पहिल्याच दिवशी:
तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत
मलमाची एक रेघ. तेवढ्यात
दोन तळव्यांएवढं अंग झाकतं.
आउलिसची पाठ सात पेरं.
कंबर धरली तर आठ.

मी कुहमोच्या पोस्टात जन्मभर पार्सलं तोलली,
मापाचं मला नवल नाही. तरी
नवऱ्याला पेरांत मोजायचं, हे
अंगवळणी पडायला एक हिवाळा गेला.

रात्रीच्या बातम्या संपल्या की तो
स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचा,
शर्ट काढून, खिडकीकडे तोंड करून.
बाहेर काळोख, म्हणून काचेत
मला त्याचा चेहरा दिसायचा, त्याला माझा.
बोलायचं ते सगळं तेव्हाच बोललो.
मुलाच्या घटस्फोटाचं. बंद होणाऱ्या गिरणीचं.
बर्फ वितळेपर्यंत पुरता न आलेल्या कुत्रीचं.
आमच्याकडची माणसं समोरासमोर बसून
असलं बोलत नाहीत.
पाठीवरून हात फिरत असला, तर बोलतात.

सकाळी चादरीवर पापुद्रे, चंदेरी.
काळे शर्ट त्यानं देऊन टाकले.
त्याचा भाऊ ओस्मो दर शनिवारी सौनाला बोलवायचा,
"तुझं मला काही लागत नाही रे," म्हणायचा.
आउलिस म्हणायचा, सर्दी आहे.
अकरा वर्षं सर्दी.

मग गोळ्या आल्या. आठवड्यातून एकदाच, बुधवारी.
रोज नाही, हं! डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावलं,
डबीवर लाल पेनानं बुधवार लिहून दिला.
शुक्रवारी फॉलिक अ‍ॅसिड. बिअर बंद.
यकृताची खबर काढायला दंडातून रक्त.
गुरुवारी त्याला मळमळायचं,
राईचा पाव नुसता हुंगून ठेवायचा.
निम्मी पाठ निवळली. निम्मी हट्टी.

मग इंजेक्शन. पेनासारखं,
फ्रिजमध्ये लोण्याच्या शेजारी.
अर्धा तास बाहेर ठेवायचं,
मांडीवर टेकवायचं,
एक टिक्. दुसरी टिक्. झालं.
त्याचं तोच घेतो.

सोळाव्या आठवड्यात पाठ इतकी कोरी
की मला ओळखू येईना.
डाव्या खांद्याखाली एक तीळ निघाला.
इतकी वर्षं खपल्यांखाली बसून होता,
मला न सांगता.

त्या शनिवारी तो ओस्मोच्या सौनात गेला.
मी टॉवेल घेऊन तळ्याकाठी.
आत तापल्या दगडांवर पाणी चर्रकन,
आणि दोन म्हाताऱ्यांचं हसणं.
दार उघडलं, वाफाळत पळत आला, उघडाबोडका,
आणि धाडकन पाण्यात.
रडले म्हणा हवं तर. आनंदानंच.

पण रात्री बातम्या संपल्या
आणि स्टूल टेबलाखालीच राहिलं.
भांडी पुसताना काचेत पाहिलं: मी एकटी.
आता मुलाचा फोन येऊन गेला की तो म्हणतो, ठीक आहे.
काय ठीक, ते सांगत नाही.

औषधाला नावं ठेवत नाही मी,
ठेवली तर जीभ झडो.
आतल्या पत्रकात दुष्परिणाम छापलेत,
दोन्ही बाजूंनी, मुंगीएवढ्या अक्षरांत.
सगळे वाचले. हा नाही त्यात.

मलमाची शेवटची ट्यूब कपाटात आहे,
शेपटीकडून गुंडाळत आणलेली.
मुदत मार्चपर्यंत.

काल त्यानं स्टूल ओढलं. शर्ट काढला.
"खाजतंय?"
"नाही."
मग मी काही विचारलं नाही.
हात कोमट पाण्याखाली धरले, पुसले,
आणि काही न लावता, नुसतेच फिरवत गेले.
मानेपासून. एक पेर, दोन पेरं.
कंबरेशी आले तेव्हा
काचेतला आउलिस म्हणाला,
"इंकेरी, या शनिवारी ओस्मोनं बोलावलं नाही.
म्हणाला, सर्दी आहे."

एवढं बोलला.
मग बराच वेळ बोलत राहिला.