उसनी भीती

एकेचाळीस पाहिल्या.
सगळ्या दहा मिनिटांच्या आतल्या.
वहीत रकाने आखले: दार कधी करकरतं,
दिवा कितव्यांदा विझतो,
आणि आरशात तिसरं कुणी येण्याआधी
शांतता किती सेकंद ताणलेली असते.
(बहुतेकींत अकरा. जिला मी खरंच घाबरले, तिच्यात चोवीस.)

एक कोरियातली, लिफ्टमधली.
एक कुठल्याशा मेक्सिकन पोरानं
आईच्या स्वयंपाकघरात एका टॉर्चवर केलेली;
तिच्यात फ्रिजचं दार उघडं राहतं, बस,
आणि त्या रात्री मी आमचा फ्रिज
तीनदा उठून लावून आले.

वेइक्को म्हणाला, चोरायचं तर चांगल्या घरी चोरावं.
कॅमेरा त्याचा आहे, म्हणून असं बोलतो.
म्हटलं, चोरी कसली, उसनं.
शेजारून वाटीभर कॉफी आणावी तसं.
फक्त वाटी रिकामी परत करायची नसते.

अडचण एकच होती: जून.
केमिजार्वीत जूनमध्ये रात्र होत नाही.
एकेचाळीसच्या एकेचाळीस अंधारावर उभ्या,
आणि इथे पावणेबारालाही सूर्य तळ्यावर ठाण मांडून,
जेवण झालं, कॉफी झाली,
तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.

खिडक्यांना काळे कागद चिकटवले.
हिल्क्कामावशीला पलंगाखाली झोपवलं,
म्हटलं, हळूच हात बाहेर काढ.
तिनं काढला. नखांना गुलाबी रंग,
मनगटावर बटाट्याचं एक साल.
"घोटा कुणाचा धरू?" तिनं खालून विचारलं
आणि आम्ही हसून हसून लोळलो.

फुटेज पाहताना कुणी हसलं नाही.
भीती होती तिच्यात. दुसऱ्याच्या मापाची.
थोरल्या बहिणीचा कोट, बाह्या गुडघ्यापर्यंत.

मावशी म्हणाली, सौना तापलाय,
आधी अंग शेकून घ्या, मग काय घाबरवायचं ते घाबरवा.

आमच्याकडे रीत आहे.
सगळ्यांचं झालं की तापल्या दगडांवर
शेवटचं डावभर पाणी टाकायचं,
दार लोटायचं, निघून यायचं.
ती वाफ आपली नसते.
कुणाची, ते विचारायचं नसतं.
मी लहानपणापासून टाकत आलेय, दात घासावेत तसं,
आणि ते वहीत लिहायचं
एकदाही मनात आलं नव्हतं.

त्या रात्री मी नि मावशी, दोघीच होतो.
टॉवेल विसरला म्हणून मी परत गेले.

उत्तरेच्या खिडकीतून ऊन.
लाकडी फळीवर दोन ओले ठसे,
मावशीचा रुंद, माझा अरुंद,
कडांनी वाळत आलेले.
आणि वरच्या फळीवर, कोपऱ्यात, भिंतीला लागून
तिसरा.
लहान.

काही करकरलं नाही.
डास होते. तळ्यावर कुणाची तरी बोट, रेडिओसकट.
सवयीनं मी मोजत होते.
अकरा झाले.
चोवीस झाले.
मावशीचा ठसा वाळला, मग माझा.

घरात मावशी पावाला लोणी लावत होती.
सांगितलं.
सुरी थांबली.
"दार उघडलंस?" एवढंच म्हणाली,
आणि चौथा तुकडा कापला, जो कुणी खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी काळे कागद काढले.
वहीत बेचाळिसावी ओळ:
दार, लोटलेलं.
दिवा, सूर्य.
आरसा नाही. हात नाही. कुणी येत नाही.
चोवीस सेकंद तेवढे उसने ठेवले;
त्या पोराचा पत्ता मिळाला
तर भरून पाठवीन वाटी.

वेइक्कोनं तिवई लावली, फळीकडे भिंग फिरवलं,
एक टेक घेतला, मग दुसऱ्यासाठी
बादली उचलत म्हणाला,
"वाळला असेल, पुन्हा ओला करू?"

मी म्हटलं, नको.