सातू

आज कुणाचाच वाढदिवस नाही.
आधीच सांगते, कारण दुकानातल्या पोरानंही तेच विचारलं,
"काकू, घरी पार्टी?"
आणि बाटली पेपरात गुंडाळून वर काळी पिशवी चढवली,
केमिस्ट बायकांना एक वस्तू देतो ना, तश्शी.
या द्राक्षांच्या गावात वाइन कुणीही उघड्यावर नेतं,
पाहुणे तर गंगापूर रोडनं पेट्याच्या पेट्या भरतात.
काळ्या बीअरला मात्र अजून पदर लागतो.

सातपूरला बावीस वर्षं मी जॉब मोजते.
व्हर्निअर, मायक्रोमीटर, गो, नो-गो.
मिलिमीटरच्या दोन शतांशांसाठी
अख्खा लॉट परत पाठवलाय, शिव्या खाऊन.
घरी आल्यावर लोणी अंदाजे,
साखर हाताला येईल तेवढी,
त्यात चिमूटभर गूळ, का ते विचारू नका.

झाकण उघडलं. फस्स.
काकवीच्या काहिलीवर येतो तसा बदामी फेस.
नाक जवळ नेलं आणि हसूच आलं,
अरे, हा तर सातू!
दिंडोरीची आत्या भाजायची,
बोलण्याच्या नादात करपला की
गुरांपुढे टाकायची.
तोच कुणीतरी मुद्दाम करपवून, आंबवून
दोनशे चाळीस रुपयांना विकतंय.
विकू दे.

लोणी आधी बीअरवर नुसतं तरंगलं,
ओळख नसल्यासारखं. मग विरघळलं.
कोको एकदम टाकू नये.
टाकला.
नाक, चष्मा, कॅलेंडरवरची एकादशी, सगळं तपकिरी.
मग अंडी, दही, मैदा,
आणि त्र्यंबक रोडचं काम चालू असताना
पिंपात असतं तसं ते काळं, सुस्त, चकचकीत.
बोट घातलं.
पुन्हा घातलं.
गो.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला लाइट गेली.
सिडकोत लाइट गेली की कुणीतरी "अरे!" म्हणतं,
मग सगळी बिल्डिंग एकदम गप्प.
निफाडला पारा पाचावर आलाय म्हणे,
बागांमधून रात्रभर शेकोट्या, मणी तडकू नयेत म्हणून.
मी ओट्याशी स्टूल ओढलं.
आता एकच काम:
ओव्हनचं दार न उघडणं.
बावीस वर्षांत इतकं अवघड काम कुणी दिलं नव्हतं.
काचेजवळ तळहात धरून बसले.
आतली ऊब हळूहळू संपत होती,
आणि केक तिच्यातून जमेल तेवढं घेत होता.

अंधारात वास मोठा होतो.
जिन्यानं खाली गेला, वर गेला,
वरच्या मजल्यावरचे गांगुर्डे सर मोबाइलचा टॉर्च लावून आले,
"फ्यूज बघू का?"
सगळ्या गल्लीची गेलीय, हे त्यांनाही दिसत होतं.
तरी उभे राहिले, दारात, मफलर सोडवत.

लाइट आली तेव्हा मधोमध खड्डा.
चांगला वाटीभर.
कंपनीत असता तर लाल खूण करून बाजूला.
फ्रीजमध्ये चक्का होता, श्रीखंडासाठी आणलेला,
पिठीसाखर घालून खड्ड्यात ओतला,
कडेपर्यंत पसरला,
आणि आता तो केक
फेसानं भरलेल्या काळ्या पेल्यासारखा दिसायला लागला.
मी ठरवलं होतं असं कुणी समजलं तर समजू दे.

सुरी काळी होऊन बाहेर आली.
घास ओला, जड, तोंडात घाई न करणारा,
आणि गोड संपता संपता
जिभेच्या मागे एक कडू रेघ,
गोडाला पाठ टेकायला भिंत असावी तशी.

सर डोळे मिटून खात होते.
"कॉफी घातलीय?"
"सातू," मी म्हटलं. खोटं नव्हतं.
"वा. पौष्टिक."
मग बायकोसाठी एक तुकडा मागून घेतला,
आणि जिन्यात तो खाल्ला, मला ऐकू आलं.

बाटलीत घोटभर उरली होती.
स्टीलच्या पेल्यात ओतली, उभ्यानंच प्यायले.
नाही आवडली.
पेला विसळून पालथा घातला,
आणि पातेलं भिजत टाकायच्या आधी
कडेनं एकदा बोट फिरवलं.