निळं पिंप

नवं मडगार्ड जोडीला साडेचार हजार.
दुकानदारानं कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून दाखवला,
जसा काही आकडा मला ऐकू आला नव्हता.
मागच्या दिव्यांचं मी विचारलंच नाही.

भोसरीत, लांडेवाडीच्या मागं, गुलाब मुजावरचं शेड.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला,
गाडीभोवती एक चक्कर मारली,
उघड्या चाकांकडे बघितलं
म्हैस घ्यायला आलेल्या माणसासारखं,
आणि म्हणाला, "घरी पिंप आहे का? निळं?"

होतं. मोरीबाहेरचं. कुठल्याशा कंपनीतून आलेलं,
अंगावरची कवटी घासून घासून पुसट झालेली.
सात वर्षं आम्ही त्यात पाणी भरलं.
सुमित्रानं शेवटच्या दोन बादल्या तुळशीला घातल्या,
पिंप उलटं करून दारात ठेवलं,
बोलली काही नाही.

ग्राइंडर फिरला आणि निळा भुसा उडाला,
मुजावरच्या मिशीत, चहात, माझ्या कॉलरीत.
उभं चिरलं की एका पिंपाची दोन मडगार्डं.
चाकाला अशी बसली, सांगतो तुम्हाला,
की कुणी आधीच माप घेऊन ठेवलं असावं.

नाही बसली.
पिंपाचा बाक चाकापेक्षा लहान.
शेगडीवर शेकलं, दोघांनी दोन टोकं धरून ओढलं,
माझ्या तळहाताला फोड आला,
तरी डावीकडे चार बोटं कमीच पडली.
तिथं कन्व्हेयरच्या पट्ट्याचा तुकडा रिव्हेट मारून लावला.
पण सांगताना मी बसली असंच सांगतो.

दिव्यांना स्टीलच्या दोन वाट्या, आमच्या लग्नातल्या.
ड्रिल नेमकं मामीच्या कोरलेल्या नावावर पडलं.
'सौ. गोदा' उरलं, 'वरी' गेली.
होल्डर तपकीर गल्लीतून, वीसला एक.
लाल काच म्हणून प्रणालीच्या डब्याचं झाकण,
एकच होतं, मधून कापलं,
अर्धं डावीकडे, अर्धं उजवीकडे.
उजवा लगेच लागला. डावा लागेना.
"अर्थ मिळत नाही," मुजावर म्हणाला,
आणि रंग खरवडत बसला, पत्रा चमकेपर्यंत.

त्याच रात्री नारायणगावला टोमॅटो भरायला निघालो.
चाकणच्या पुढं, टँकरनं रस्ताभर पाणी सांडलं होतं तिथून थोडं पुढं,
गाडी कडेला घेतली, उतरलो,
चाळीस पावलं मागं चालत गेलो.
बारा वर्षं गाडी चालवतोय,
पण ती मागून, अंधारात, कधी बघितली नव्हती.
एक दिवा जरा तिरका. दुसऱ्यात लालपेक्षा नारिंगी जास्त.
तेवढ्यात माझ्यामागं कधीचा येत असलेला एक मोटारसायकलवाला
बाजूनं निघून गेला.
अंगात पांढरा शर्ट. पांढराच होता अजून.
त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
मी उगाच हात वर केला.

मुजावरचे अजून तीनशे द्यायचेत.
मोरीबाहेर आता दोन बादल्या आणि एक कढई.
प्रणालीचा डबा ताटलीनं झाकून, वर रबर लावून जातो,
भाजीचं तेल वह्यांना लागतं.
झाकण कधी देणार, ती विचारते.
देतो म्हटलं. साडेचार हजार आले की.
गाडी दारात लागली की ती मागं जाते,
बोटानं दोन्ही दिव्यांवरची धूळ पुसते,
कापलेली कड नीट बघते,
आणि घरात येते.