शेपटीमागे पाच पौंड

इदवाल एकतीस वर्षं जमिनीच्या पोटात होता.
खाण बंद झाली तेव्हा दोन गोष्टी घेऊन वर आला:
छातीतली एक शिट्टी, जिना चढताना वाजणारी,
आणि सातशे चौदा नंबरचा पितळी बिल्ला.
दिव्यांच्या खोलीत बिल्ला खिळ्याला दिसला
की समजायचं, माणूस खाली आहे.

मग त्यानं मागच्या दारी हिरवळ लावली.
बारा पावलं लांब, नऊ रुंद,
दोरी ताणून, पाणसळ ठेवून.
कपडे वाळत घालायला जायचं तर मला बूट काढायला लावी.
"एवढं तरी सपाट असू दे, एलुनेड."
आमच्या खोऱ्यात सपाट असं काही नाहीच,
घरंसुद्धा उतारावर एकमेकांचे खांदे धरून उभी.

फेब्रुवारीत पहिला ढिगारा आला.
काळ्याभोर मातीचा, चाळून ठेवल्यासारखा.
दुसऱ्या दिवशी चार.
रविवारी चॅपलहून परतेपर्यंत अकरा.

इंग्रजीत त्याला मोल म्हणतात.
आम्ही वेल्शमध्ये म्हणतो, जमिनीतलं रानडुक्कर.
वीतभरही नाही,
पण ज्यानं नाव ठेवलं
त्याच्याही अंगणात हिरवळ असणार.

इदवालनं सगळं केलं.
बिळांत लसूण कोंबला, रॉकेलच्या चिंध्या कोंबल्या,
रिकाम्या बाटल्या पुरल्या, तोंडं वर करून.
वाऱ्यानं त्या घुमतात आणि ते त्याला म्हणे सोसत नाही.
सोसलं नाही ते शेजारच्या मिसेस प्रॉसरला.
रात्रभर आमचं अंगण कण्हत होतं.
सकाळी दोन ढिगारे नवे,
एक तर बाटलीलाच टेकून.

शेवटी पेनरी हॉवेल्स आला, सळई आणि तीन सापळे घेऊन.
शेपटीमागे पाच पौंड. शेपटी नाही, तर पैसे नाहीत.
गुडघ्यांवर सरकत तो सळई खुपसत गेला,
जिथं ती एकदम आत गेली, तिथं थांबला.
हातांना माती चोळली. सापळ्यालाही चोळली.

"किती असतील रे खाली?"
"एकच."
"एवढं सगळं एकट्यानं?"
"एकटाच राहतो तो. दुसरा भेटला तर मारामारी."
इदवालच्या हातातला चहा निवला.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"एकट्याला कुणी खाली पाठवत नाही."
पेनरीला वाटलं, म्हातारा सापळ्यांबद्दल बोलतोय.

गुरुवारी सापडला.
वर्तमानपत्रावर ठेवला, फुटबॉलच्या निकालांवर.
अंगाची मखमल, कुठूनही हात फिरवा, उलटी होत नाही,
अरुंद बोगद्यात मागं सरता यावं म्हणून.
डोळे मोहरीएवढे.
आणि हात. रुंद, गुलाबी, बाहेर वळलेले,
नखांत माती,
कुणाला तरी थांब म्हणावं तसे पुढं धरलेले.
इदवालनं आपला हात शेजारी ठेवला.
त्याच्या बोटांवर निळ्या रेघा होत्या,
जुन्या जखमांत राहून गेलेल्या कोळशाच्या.
मी पाकीट आणायच्या निमित्तानं आत गेले.

पाच पौंड दिले. ढिगारे दाबले, बी पेरलं.
मे महिन्यात हिरवळ पुन्हा टेबलासारखी.

जूनमध्ये, गुलाबाच्या कुंपणापाशी, आणखी एक ढिगारा.
मी म्हटलं, पेनरीला बोलावू का?
इदवाल खिडकीतून बघत राहिला.
"रात्रपाळीचा असेल," म्हणाला.
मग बादली घेऊन गेला,
आठवडाभर जेवढी माती वर आली तेवढी
लीकच्या वाफ्यात नेऊन टाकली.
पाच बादल्या. मध्ये दोनदा बसला.

त्या वर्षी लीक माझ्या मनगटाएवढे झाले.
ते खायला तो होता,
शेवटचे दोन सोडून.

आता हिरवळ वर-खाली आहे. मी बूट काढत नाही.
बिल्ला मी मागच्या दाराच्या खिळ्याला लावलाय.
पेनरीला फोन केला नाही, असं नाही.
केला. म्हणाला, दर आता आठ पौंड झालाय.
म्हटलं, विचार करून सांगते.