सहा किलो दगड

मुर्तझाभाईच्या दुकानात सॅका लटकतात
केळीच्या घडांसारख्या, छतापासून गुडघ्यापर्यंत.
लाल, निळ्या, एकीवर विमान,
एकीवर काहीतरी लिहिलेलं,
जे त्यालाही वाचता येत नाही.

मी घरून गोणपाटात दगड आणले होते,
अनेरच्या पात्रातले, काट्यावर मोजून सहा किलो.
तो ओरडला, "कसाले दगड भरी राहिना रे भो
मना नव्या मालमा?"
म्हटलं, रिकामी सॅक कुणालाही शोभते.

पहिली घालून बसस्टँडच्या चहागाडीपर्यंत गेलो.
पट्टे बाजेच्या सुंभासारखे.
चहा न पिताच परत आलो.

दुसरी मऊ होती, पण तिचं वेल्क्रो
फर्रकन उघडलं.
हा आवाज, मुर्तझाभाई,
सागाच्या वाळल्या पानोळ्यात फर्लांगभर जातो.
चितळ मान वर करतं,
आणि मग तिथे नुसती जागा असते.
तो म्हणाला, शिकार करतोस काय?
म्हटलं, बाप करायचा.

बापाकडे सॅक नव्हती.
तीरकमठा, तुंबाभर पाणी,
कमरेच्या फडक्यात भाजलेला मका.
कधी ससा यायचा, कानांनी धरलेला.
एकदा डुक्कर आलं, सहा घरं जेवली.
बहुतेक वेळा काहीच यायचं नाही,
तो न बोलता बाजेवर आडवा व्हायचा
आणि आई खुंटीवरचा तुंबा कानाशी हलवून बघायची.
पाणी किती उरलं त्यावरून
तिला कळायचं किती लांब गेला होता.

मी वनखात्याचा रोजंदार.
सकाळी माझ्या पाठीवर दोन भाकरी, ठेचा,
कॅमेऱ्यांचे सेल, वही, पक्कड, पाणी.
ओझं परतीला वाढतं.
मोटारसायकलच्या क्लचच्या वायरी,
झुडपाच्या बुंध्याशी, पाणवठ्याच्या वाटेवर,
गोल करून लावलेल्या.
त्या सोडवायच्या आणि आणायच्या.
म्हणून तळ जाड हवा,
आणि सकाळी अर्धी रिकामी असली तरी
पाठीवर लुळी पडायला नको.

तिसरी पिवळी होती. तिच्यात दगडही घातले नाहीत.

चौथी मागच्या भिंतीवर, दोन वर्षं न विकलेली,
पळसाच्या वाळल्या पानाच्या रंगाची.
पोरांना असला रंग चालत नाही, मुर्तझाभाई म्हणाला
आणि फडक्याने धूळ झटकली.
कमरेचा पट्टा आवळला तसे
दगड खांद्यावरून उतरले,
लेकरासारखे कडेवर बसले.
मी माळ्याची शिडी तीनदा चढलो, उतरलो.
मग वाकलो, बसलो, लवकर उठलो.
दुकानातली एक बाई हसू लपवत होती.

झिपची कडी तेवढी किणकिणायची.
मुर्तझाभाईनेच सुतळीचे चार वेढे दिले,
दाताने तोडली.
साडेनऊशे म्हणाला, सातशे ऐंशीला दिली.
दगड मी तिथेच विसरलो.
आता त्यांवर त्याचं अर्धं शटर टेकलेलं असतं.

पहिल्याच दिवशी अकरा वायरी निघाल्या.
संध्याकाळी बाप ओट्यावर.
मोतीबिंदू पिकलाय, बोटं अजून बघतात.
सॅक मांडीवर ओढून एकेक फास चाचपत गेला,
अकरा मोजले.
सातव्याच्या गाठीशी थांबला.
"डावखुऱ्याची आहे," म्हणाला.
आमच्या पाड्यावर डावखुरे दोनच,
त्यातला एक माझा काका.
त्याने नाव घेतलं नाही, मी विचारलं नाही.
वायर बाकीच्यांत ठेवून दिली.

मग उठला. सॅक पाठीवर चढवली,
पट्टा सापडेना तेव्हा मी लावला.
अंगणात चुलीपासून कोंबड्यांच्या डालग्यापर्यंत
चालून आला, हात खुले ठेवून,
जसे त्याने कायमच ठेवले.
"आमच्या वेळी असती तर,"
एवढं म्हणाला आणि पुढचं गिळलं.

बाजूच्या खिशातली माझी बाटली त्याने काढली,
कानाशी नेऊन हलवली.
तळाशी घोटभर वाजलं.

"लांब गेला होतास."