अंशतः खरे आहे

वारणालीच्या ऑफिसात माझं टेबल जिन्याखाली.
पाटी नाही. कुणी विचारलं तर सांगतात,
त्या मगदूम मॅडम, अधिवेशनवाल्या.
धरण, कालवा, पंप ज्याचे त्याचे;
माझ्याकडे नुसते प्रश्न येतात.

डिसेंबरात येतात ते तारा लावून येतात.
रात्री सव्वाअकराला नागपूरहून पिरजादे:
मॅडम, उद्या दहाच्या आत.

मौजे बोरनाळ, तालुका जत,
येथील वितरिकेस दोन वर्षे पाणी नाही, हे खरे आहे काय;
असल्यास, चौकशी केली आहे काय;
नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

प्रश्नावर माझा राग नसतो.
'असल्यास' आणि 'नसल्यास' या दोन दारांमध्ये
एखादं गाव किती वेळ उभं राहू शकतं
ते मी बावीस वर्षं बघतेय.

शाखा अभियंत्याचा फोन बंद.
जुन्या यादीतला एक नंबर लागला,
पाणीवापर संस्थेच्या सचिव, शिवलीला बिरादार.
मागे म्हैस हंबरत होती.
बंतु री मॅडम, पाणी बंतु!
एकदाच. चाचणीच्या दिवशी.
साहेबलोकांनी नारळ फोडला, फोटो काढला,
खोबरं आमाला बी दिलं.
आमच्या पोरानं वरनं उडी टाकली की.
पाणी गुडघ्याएवढं. कपाळ फुटलं त्याचं, तीन टाके.
तारीख पायजे का?
दवाखान्याचा कागद हाय माझ्याकडं.

तारीख लिहून घेतली.
चाचणीच्या नोंदवहीशी ताडून पाहिली.
जुळली.
इतकी वर्षं कागदाला कागद जोडत आले,
कपाळ पहिल्यांदाच जोडलं.

मग मसुदा.
'हे खरे आहे' लिहावं तर उपाध्ये साहेब
पेन्शनला चार महिने उरलेले असताना गडचिरोलीला.
'हे खरे नाही' लिहावं तर तो नारळ, ती म्हैस.
'अंशतः' हा शब्द ज्यानं पहिल्यांदा फाईलीत आणला
त्याचंही टेबल जिन्याखालीच असणार.
लिहिलं:
हे अंशतः खरे आहे.
चाचणीवेळी वितरिकेत पाणी सोडण्यात आले होते.
आणि तिसऱ्याला, बोटांनी आपसूक:
प्रश्न उद्भवत नाही.

चहा आला, निवला, साय धरली.
शेवटची ओळ मी खोडली.
झडप नादुरुस्त, वीजबिल थकीत, असं लिहिलं.
आणि पूरक टिप्पणीत,
जी मंत्रीमहोदय कुणी खोदून विचारलं तरच उघडतात,
एक वाक्य घातलं:
पाण्याची खोली अंदाजे दीड फूट होती.
स्रोत लिहिला नाही.
साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचलं,
दीड फुटापाशी थांबले,
माझ्याकडे बघितलं,
सही केली.

आमचा क्रमांक चाळिसावा.
तास संपला तेव्हा सभागृह सातव्यावर होतं.
पिरजादे म्हणाला, सुटलो मॅडम, छापील यादीत गेलं,
आता संत्रा बर्फी किती किलो आणू?

संध्याकाळी आयर्विन पुलावर रिक्षा अडकली.
खाली नदी, काठोकाठ नाही, पण होती.
दीड फुटाहून पुष्कळ जास्त.
मी उगाच अंदाज घेत बसले.

आठवड्यानं फोन आला.
काय झालं आमच्या प्रश्नाचं?
उत्तर दिलं, म्हटलं.
हां.
आन पाणी?

जिन्यावर कुणाचे तरी बूट चढत होते,
डोक्यावरून, एकेक पायरी.
ते वर पोचेपर्यंत मी काही बोलले नाही.
पोराचं कपाळ कसं आहे?
बरं हाय. खूण ऱ्हायली.

तो कागद जपून ठेवा, म्हणाले,
मार्चात पुन्हा अधिवेशन आहे.