चौकटी दोनच

पशुगणनेच्या अर्जात चौकटी दोनच:
देशी, सुधारित.
कुरखेड्याच्या अलीकडे, टोल्यावर,
सुकरोबाई हलामीनं सूप आपटलं
आणि कुडाच्या फटीतून, ढोलीमागून, मोहाच्या मुळांतून
साऱ्या धावत आल्या.

"थे बोडक्या मानेची. उन्हायात बाकीच्या धापा टाकते,
थे खुडूक बसते नं चौदाच्या चौदा काढते.
थे उलट्या पिसाची.
घारीनं दोनदा उचलली, दोनदा सुटली.
थे ठेंगणी, वाडी उकरत नाही.
काळ्या हाडाची एकच उरली."

आणि कोंबडा?
ती सुपातली कणी निवडत राहिली.
"एकच. तीन सालापासून.
आता ह्या साऱ्या त्याच्याच पोरी, पोरींच्या पोरी.
अंडे भरते, जी, पण पिल्लू कवचातच मरते.
तुमच्या पेटीत याची सुई हाय का?"

नव्हती.
मानमोडीची लस होती, बर्फ वितळत आलेला.
ती टोचली.

परतताना फटफटीच्या हँडलला पिशवी,
पिशवीतून मान काढलेला तिचा कोंबडा.
सती नदीपल्याड नणंदेकडे पोचवायचा,
तिथला तांबडा उद्या इकडे आणायचा.
नणंदेशी दोन वर्षं बोलणं नाही, म्हणाली,
पण कोंबड्याचं काय त्यात.

पुलावर थांबून अर्ज पुरा केला:
देशी, एकोणीस.
मग आठवलं, एक तर माझ्याजवळच आहे,
दोन गावांच्या मधोमध.
त्याला कुठं मोजू?
तो आरवला, भर दुपारी,
कुणाच्याच अंगणात नसताना.